निकाल दिल्लीचा, कुत्री आपल्या गावची

भटक्या कुत्र्यांचा विषय २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. पारावर बसून पेपर वाचणाऱ्या आपल्या मंडळींनी तो वाचला, घटकाभर चर्चा केली आणि "हे दिल्ली-मुंबईवाल्यांचं लचांड, आपल्याला काय त्याचं?" असे म्हणून पान उलटले. पण त्या निकालात शाळा आहे, दवाखाना आहे, एसटी स्टँड आहे आणि पंचायतही आहे. म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतले प्रत्येक गाव त्यात आले. म्हणून हा विषय शेतकऱ्याच्या आणि गावकारभाऱ्याच्या नजरेतून नीट समजून घेतला पाहिजे.

निकाल काय सांगतो?

११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने आदेश दिला की, दिल्ली आणि आसपासच्या शहरांतली सगळी भटकी कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. कुत्र्याची नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, जंताचे औषध पाजा आणि जिथून धरले तिथेच सोडा. पिसाळलेले किंवा अंगावर येणारे कुत्रे मात्र सोडू नका. वाटेल तिथे खायला घालू नका, त्यासाठी जागा ठरवून द्या. आणि ज्याला कुत्रे दत्तक घ्यायचे असेल त्याने स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा. मात्र एकदा घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. याच आदेशात न्यायालयाने सगळ्या राज्यांना या प्रकरणात ओढले.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला, आणि गावाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. शाळा-महाविद्यालये, दवाखाने, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके इथली कुत्री हलवायची, आवाराला कुंपण घालायचे, आणि नसबंदी-लसीकरण झाल्यावरही ती कुत्री पुन्हा त्याच आवारात सोडायची नाहीत.

आता जरा आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेकडे बघा. दुपारी खिचडी वाटली जाते, उरलेली कोपऱ्यात पडते आणि तिच्यावर चार-पाच कुत्री वर्षानुवर्षे जगतात. लेकरांनी त्यांना नावेही ठेवलेली असतात. आदेशाप्रमाणे ही कुत्री शाळेतून हलवली पाहिजेत. पण हलवून न्यायची कुठे? जिल्ह्यातल्या खेडोपाडी कुत्र्यांसाठी निवारागृहे नाहीत. मारायला कायद्याने बंदी. दुसऱ्या गावच्या शिवारात नेऊन सोडणे म्हणजे आपला ताप शेजाऱ्याच्या गळ्यात घालणे. सगळी दारे बंद झाल्यावर एकच दार उघडे राहते, ते म्हणजे कुणाच्या तरी घराचे. म्हणून "कुत्र्याला घर मिळवून देणे" ही शहरातल्या हौशी माणसांची गोष्ट राहिलेली नाही. ते आता ग्रामपंचायतीचे काम झाले आहे.

गावात कुत्री येतात कुठून?

रोगाचे मूळ कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही. पिकावर कीड कुठून आली हे न बघता फवारा मारणाऱ्याचे पैसे जातात आणि कीड राहते. कुत्र्यांचेही तेच आहे. गावातली भटकी कुत्री आभाळातून पडत नाहीत. त्यांचे चार उगम आहेत.

पहिला उगम आपलेच घर. "आमचं कुत्रं" म्हणणारे बरेच, पण त्याला साखळी नाही, लस नाही, नसबंदी नाही. दिवसा गावभर, रात्री दारात. चावले की "ते आमचं नव्हंच" असे उत्तर तयार असते.

दुसरा उगम ऊसतोडीचा. वाशी, भूम, कळंब, परंडा या भागांतून दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. बिऱ्हाड ट्रकमध्ये चढते, शेरडं सोबत जातात किंवा म्हाताऱ्यांच्या हवाली होतात. कुत्र्याला कधी जागा मिळते, कधी नाही. दाराला कुलूप लागते आणि कुत्रे ओट्यावर बसून राहते. पट्टा पडून माणसे परत येईपर्यंत चार-पाच महिने जातात. तेवढ्या काळात ते कुत्रे उकिरड्याला लागते, टोळक्यात मिसळते आणि पुढे शेळ्या धरायलाही शिकते. यात ऊसतोड कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला स्वतःच्या लेकराच्या शाळेची सोय लावता येत नाही, तो कुत्र्याची काय लावणार? पण गावात मागे राहणाऱ्यांनी ती लावली तर गावाचेच भले होणार आहे.

तिसरा उगम शहरांचा. रात्री पोत्यात घालून पिल्ले आणायची आणि हमरस्त्याच्या कडेला, ढाब्याच्या मागे किंवा एखाद्या शिवारात सोडून द्यायची. सकाळी शेतकरी बांधावर जातो तर सहा पिल्ले केकाटत असतात.

चौथा उगम आपल्या घाणीचा. मेलेले जनावर ओढ्यात टाकणे, मेलेल्या कोंबड्या पोल्ट्रीच्या मागे फेकणे, मटणाच्या दुकानातली घाण रस्त्यावर सांडणे. जितके अन्न उघड्यावर, तितकी कुत्री. हा हिशोब चुकत नाही.

मारून प्रश्न सुटत नाही

"एकदा विष घाला, झालं!" असे ग्रामसभेत कुणीतरी बोलतोच. त्याचा रागही खोटा नसतो. ज्याच्या पाच-सहा उस्मानाबादी शेळ्या एका रात्रीत फाडल्या गेल्या, त्याचे वर्षाचे गणित कोसळलेले असते. पण रागावर धोरण ठरत नाही.

मुंबईत इंग्रजांच्या काळात कुत्र्यांच्या मुंडक्यांवर बक्षीस लावून पाहिले. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या पाळीव कुत्र्यांनाही ठार मारले जाऊ लागले. पारशी समाज कुत्र्याला पवित्र मानतो. जून १८३२ मध्ये मुंबईत त्यावरून दंगल झाली. त्यानंतरही दीडशे वर्षे नगरपालिका कुत्री मारतच राहिल्या आणि कुत्री होतीच. कारण सरळ आहे. उकिरडा तोच राहिला तर मेलेल्या कुत्र्यांची जागा शेजारची कुत्री घेतात, आणि उरलेल्यांची पिल्ले जास्त जगतात. मारलेल्यांत लस टोचलेली कुत्रीही जातात आणि नवी येतात ती बिनलसीची. म्हणजे धोका कमी न होता वाढतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपासमार होईल अशा अवस्थेत सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! एवढ्या दंडाला कोण भितो? पण कुत्रे मारणे आता स्वस्त राहिलेले नाही. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावर मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जानेवारी २०२६ मध्ये शेजारच्या तेलंगणात काही गावांत मोठ्या संख्येने कुत्री मारल्याच्या तक्रारी झाल्या आणि पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांत सरपंचांचीही नावे आली. आपल्या सरपंच मंडळींनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे. विषाचे मांस खाऊन पुढे गावातली मांजरे, घारी आणि एखाद्याची राखणीची जनावरेही मरतात, ते वेगळेच.

खरा प्रश्न मादीचा

आता मुद्द्यावर येऊ. गावात पिल्लाला घर मिळते का? मिळते. पण कोणत्या? कुत्री व्यायली की पोरं पिल्ले बघायला जातात, शेपूट उचलून पाहतात आणि "बोका हाय का भाटी" तसेच "नर हाय का मादी" याचा निकाल लावतात. नर पिल्लू आखाड्यावर जाते, शेतवस्तीवर जाते, मेंढपाळाच्या कळपामागे जाते. मादी राहते तिथेच. "मादी नको, दर वर्षाला घाण करती, दारात कुत्र्यांचं टोळकं जमतंय" हे कारण प्रत्येक गावात ऐकू येते, आणि ते खोटेही नाही.

पण परिणाम बघा. घराबाहेर राहते ती नेमकी विणारी. नराला आपण घर देतो आणि मादीला उकिरडा. मग पुढच्या साली तिला पाच-सहा पिल्ले होतात, त्यातले नर पुन्हा घरी जातात आणि माद्या पुन्हा उकिरड्यावर. हे चक्र आपणच फिरवत ठेवले आहे.

त्या पिल्लांचे पुढे काय होते, याचा पश्चिम बंगालमध्ये शास्त्रज्ञांनी चांगला अभ्यास केला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर जन्मलेल्या ३६४ पिल्लांवर त्यांनी नजर ठेवली. सात महिन्यांची होईपर्यंत पाचातले जेमतेम एक जिवंत राहिले. मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पिल्लांच्या मरणाला कोणत्या ना कोणत्या रीतीने माणूस कारणीभूत होता. "त्याचे हाल कुत्रा खाईना" असे आपण म्हणतो, पण कुत्र्याचे हाल कुणाला दिसत नाहीत.

यावर उपाय अवघड नाही. नसबंदी झालेली मादी माजावर येत नाही, दारात टोळके जमत नाही, पिल्ले होत नाहीत. म्हणजे जी तक्रार आहे तीच मुळातून जाते. राखणीला मादी नरापेक्षा कमी नाही. उलट नर माजाच्या मोसमात चार-चार दिवस घर सोडून भटकतो, भांडतो, फाटून येतो. नसबंदी केलेली मादी दार सोडत नाही. मेंढपाळांना हे ठाऊक आहे, आपल्यालाच पटवून घ्यायचे आहे.

आणि कायद्याची एक गोष्ट इथे फार उपयोगाची आहे. १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी ही महापालिका, नगरपालिका आणि पंचायत यांची जबाबदारी आहे. पण ती मान्यताप्राप्त संस्थेकडून आणि सगळ्या सोयी असलेल्या केंद्रातच करावी लागते. एकट्या-दुकट्या ग्रामपंचायतीला ते झेपणारे नाही. पाळीव कुत्र्याचे मात्र तसे नाही. त्याची लस, जंताचे औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, आणि मालक त्याला सरळ पशुवैद्यकाकडे नेऊ शकतो. थोडक्यात, ज्या दिवशी कुत्र्याला मालक मिळतो त्या दिवशी केंद्राची वाट बघणे संपते. घर देणे हा म्हणूनच सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

घर म्हणजे नुसती भाकर नव्हे

भाकर टाकली म्हणजे घर दिले, असे नाही. उलट मालकी न घेता रोज भाकर टाकणे म्हणजे टोळके पोसणे. घर म्हणजे खालील पाच गोष्टी.

एक, रेबीजची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, महिन्याने दुसरी आणि मग दर वर्षी एक. डीएपीच्या एका गोणीच्या पैशात दोन-तीन कुत्र्यांची लस सहज होते.

दोन, पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची लस. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे असताना ती सुरू करावी. दत्तक घेतलेले पिल्लू आठ दिवसांत रक्ताची हगवण लागून मेले, असे जे घडते ते बहुतेकदा पार्व्होमुळे.

तीन, जंताचे औषध. पिल्लांना वारंवार, मोठ्या कुत्र्याला निदान तीन महिन्यांतून एकदा.

चार, नसबंदी. नराचीही करावी, पण पैसे एकाचेच असतील तर आधी मादीची.

पाच, बांधायची जागा, सावली आणि पाण्याचे भांडे. मार्च ते मे या काळात आपल्याकडे पाण्यावाचून कुत्री हैराण होतात. दिवसभर आखूड साखळीला बांधलेले कुत्रे चिडके होते. दिवसा बांधून रात्री आखाड्यावर मोकळे सोडावे, पण आपल्याच कुंपणाच्या आत.

शेळीवाल्यांनी जंताच्या औषधाकडे विशेष लक्ष द्यावे. कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, शेळी-मेंढी ते गवत खाते आणि तिच्या मेंदूत पाण्याची गाठ धरते. मग ते जनावर मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरते आणि शेवटी मरते. आपण त्या मेलेल्या मेंढीचे डोके कुत्र्यापुढे टाकतो आणि चक्र पुन्हा सुरू. दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात अशाच गाठी होतात. म्हणून मेलेल्या जनावराचे डोके, काळीज, फुप्फुस कच्चे कुत्र्याला घालू नये, खोल पुरावे. कुत्र्याला दिलेली जंताची एक गोळी ही खरे तर शेळीला दिलेले औषध आहे.

रेबीजचा धोका आणि घराचा फायदा

सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर घटना नोंदल्या गेल्या. त्यात महाराष्ट्राचा आकडा सुमारे ४ लाख ८५ हजार, म्हणजे देशात सगळ्यात वर. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर रेबीज टाळता येतो.

कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका. मंतरणाऱ्याकडे जाऊ नका. तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, लशीचे सगळे डोस पूर्ण करा. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन लागते, ते विचारून घ्या. तिथे नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. पिल्लू चावले तरी हेच. "भुंकणारं कुत्रं चावत नाही" ही म्हण म्हणून ठीक, दवाखान्याला पर्याय नव्हे. गाय-म्हैस-बैलाला चावले तर जखम तशीच धुवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. जनावरालाही लशीचा कोर्स देता येतो.

आता घराचा फायदा बघा. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असे समजते. माणसाची लस त्यासाठी थांबवायची नसते, ती सुरूच करायची. पण कुत्र्याचा पत्ता असेल तर डॉक्टरला पुढचे ठरवायला आधार मिळतो. मालकाचे कुत्रे बांधून ठेवता येते. बेवारस कुत्रे चावून निघून गेले की ते कोणते, हेच कळत नाही.

गावातल्या दर दहा कुत्र्यांपैकी सात जणांना दर वर्षी लस मिळत राहिली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साठ कुत्र्यांच्या गावात ही संख्या ४२ होते. त्यातली तीसेक जरी घराघरांत लागली, तर उरते किती काम? गोव्याने हे करून दाखवले. तिथे २०१३ पासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचत गेले, शाळांतून मुलांना शिकवले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. गोवा आपल्यापेक्षा श्रीमंत असेल, पण लस तीच आहे.

कुत्र्याचा जीव घरात अडकतो

निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावची २०२४ सालची गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. 'महाराज' नावाचे एक कुत्रे मालकामागे पंढरपूरच्या वारीला गेले. तिथल्या गर्दीत ते चुकले. मालकाने शोधले, सापडले नाही, तो जड मनाने परत आला. काही दिवसांनी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून ते कुत्रे आपल्या दारात हजर! गावाने हार घातला, मिरवणूक काढली, जेवणावळ घातली.

या गोष्टीचे कौतुक आहेच, पण आपल्या कामाचा धडाही आहे. कुत्रे जागेला आणि माणसाला बांधलेले असते. त्याला उचलून दहा कोसांवर सोडले तर एक तर ते परत येते, नाही तर तिथल्या कुत्र्यांशी भांडत, बिथरत, लोकांच्या अंगावर जात राहते. म्हणून दत्तक द्यायचे ते शक्यतो त्याच गावात, ओळखीच्या माणसाला, ओळखीच्या गल्लीत. शाळेतल्या कुत्र्याला शाळेजवळच्याच, पण कुंपण असलेल्या घरात किंवा शेतवस्तीवर जागा मिळाली तर ते लवकर रुळते. तरी पहिले दोन-तीन आठवडे बांधूनच ठेवावे लागते, नाही तर खिचडीच्या वेळेला ते शाळेत हजर होणारच.

आपल्या जिल्ह्याला कुत्र्याचा तिटकारा कधी नव्हता. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला जाणारे लोक देवाच्या कुत्र्याला हात जोडतात. तेरला गोरोबा काकांनी ज्यांची परीक्षा घेतली ते नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. कथा ऐकून डोळे पुसायचे आणि घरी येताना दारातल्या कुत्रीला दगड मारायचा, हा मेळ काही बसत नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे?

फार मोठी योजना लागत नाही. एक वही आणि एक ग्रामसभा पुरते.

पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. तरुण मंडळाची चार पोरे सकाळी लवकर फिरली तर एका दिवसात गावातली कुत्री मोजून होतात. नर किती, मादी किती, पिल्ले किती, कान कापलेली किती. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून बारीक काप दिलेला असतो, त्यावरून ओळखावे.

दुसरी, मालकांची नोंद. "आमचं कुत्रं" म्हणणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत आणि कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. बिनपट्ट्याचे कुत्रे बेवारस धरले जाईल, असा ठराव घ्यावा. नुसत्या पट्ट्यामुळे निम्मे वाद मिटतात.

तिसरी, शाळा आणि आरोग्य केंद्र यांच्या आवारातल्या कुत्र्यांसाठी आधी घरे शोधणे. ग्रामसभेत एकेका कुत्र्याचे नाव घेऊन विचारावे, "हे कोण नेणार?" मोघम आवाहनाला कुणी हात वर करत नाही. घेणाऱ्याकडून साधा लेखी कागद घ्यावा की, लस टोचीन, नसबंदी करीन, रस्त्यावर सोडणार नाही, आणि गाव सोडायची वेळ आली तर पंचायतीला कळवीन. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. हंगामापुरते कुत्रे सांभाळणारा शेजारी आधीच ठरवता येतो.

चौथी, मादी नेणाऱ्याला मदत. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून किंवा गणेश मंडळाच्या वर्गणीतून मादीच्या नसबंदीचा खर्च उचलला, तर "मादी नको" म्हणणारे बरेच जण तयार होतील. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सोय नसेल तर धाराशिवच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी विचारून, एका गाडीत सात-आठ माद्या नेता येतील.

पाचवी, उकिरड्याचा बंदोबस्त. मेलेल्या जनावरासाठी खड्डा, खिचडीच्या उरल्या अन्नासाठी झाकणाचा डबा, मटणाच्या दुकानांना सक्त ताकीद. हे केले नाही तर वरच्या चार गोष्टी वाया जातील.

उरलेल्या भटक्या कुत्र्यांसाठी आजूबाजूच्या दहा-पंधरा ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन जवळच्या नगरपरिषदेच्या नसबंदी केंद्राशी किंवा मान्यताप्राप्त संस्थेशी बोलणी करावीत. एकट्या गावाला कुणी दाद देत नाही, पंधरा ठराव एकदम गेले की फाईल हलते.

दोन आक्षेप

"माणसाला घरकुल मिळंना आन् तुम्ही कुत्र्याला घर शोधताय!" हा आक्षेप येणारच. त्याला उत्तर असे की, बेवारस कुत्रे चावते ते गरिबाच्याच लेकराला. बंगल्यातले पोर गाडीतून शाळेत जाते. पहाटे परसाकडे जाणारी म्हातारी, शेळ्या राखणारा पोरगा आणि रात्री पाणी द्यायला जाणारा शेतकरी हेच टोळक्याच्या तावडीत सापडतात. कुत्र्याला घर देणे ही त्यांचीच राखण आहे.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक कुत्र्याला घर मिळणार नाही. हे खरेच आहे. ज्याने माणसाला चावे घेतले, ज्याला शेळी धरायची सवय लागली, ते कुत्रे लेकराबाळांच्या घरात देऊ नये. अशा कुत्र्याला धरून वेगळे ठेवण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे आणि ती त्यांच्याकडून लेखी मागितली पाहिजे. तसेच म्हातारी, खरजेली, लंगडी कुत्री मागे राहतील. त्यांना निदान लस आणि ठरलेल्या जागी पाणी-भाकर मिळावी. पण पिल्ले आणि शांत कुत्री यांना घर लागले तरी गावातला ताप निम्म्यावर येतो.

आता वेळेचे गणित. आपल्याकडे कुत्री बहुतेक भाद्रपदात माजावर येतात. तिथून ६३ दिवसांच्या आसपास, म्हणजे कार्तिकात पिल्ले होतात. नेमक्या त्याच वेळेला ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात आणि वस्त्या ओस पडलेल्या असतात. म्हणून मादीची नसबंदी आषाढ-श्रावणात उरकावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास ठिकठिकाणच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मोफत लस टोचली जाते, तिथे आपल्या गावाची यादी घेऊन जावे. आणि तरीही जी पिल्ले होतील ती आठ आठवडे आईजवळ राहू द्यावीत. संक्रांतीच्या आसपास ती घरी नेण्याजोगी होतात. त्या वेळी पिल्लू आणायला जाल तेव्हा शेपूट उचलून बघू नका. जे पिल्लू पुढे येईल ते उचला, आणि ती मादी निघाली तर पुढच्या आषाढात तिला दवाखान्यात घेऊन जा.